पिट्युटरी बंद पडल्यावर: नव्याने निदान झालेल्यांसाठी

“बाळाला अंगावर पाजलं होतं का?”

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरच्या एका आयसीयूत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला हे विचारलं. मुलगी तेव्हा साडेसात वर्षांची होती. दोन दिवसांच्या साध्या जुलाबांनी मी बेशुद्धीपर्यंत गेले होते, रक्तातलं सोडियम ११२ वर आलेलं, बीपी लागत नव्हतं, आणि या बाई दुधाचं काय विचारतायत, असं माझ्या मिस्टरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी मान हलवली. पान्हा फुटलाच नव्हता. आळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली, थेंब आला नाही. त्यांनी पुढचं विचारलं: बाळंतपणात रक्तस्राव झाला होता? चार बाटल्या रक्त चढवलं होतं. पाळी परत आली? नाही. एवढ्या तीन उत्तरांवर त्यांनी रक्ताची आणखी एक नळी भरली, कॉर्टिसोलसाठी, म्हणजे आजारपणात शरीराला सावरणाऱ्या हार्मोनसाठी पाठवली आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे त्याच कामाच्या स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी मी उठून बसले आणि भात मागितला.

आजाराचं नाव शीहान सिंड्रोम: बाळंतपणातल्या रक्तस्रावाने पिट्युटरी ग्रंथी बंद पडणं. त्याआधीच्या सात वर्षांत माझ्यावर रक्त वाढवायची औषधं, डिप्रेशनच्या गोळ्या, एक मांत्रिक आणि “उगं झोपून ऱ्हाती दिवसभर” हे वाक्य, असे सगळे इलाज झाले होते. आता इतकी वर्षं गोळ्यांवर आहे, झेडपीच्या शाळेत शिकवते, पूर्ण दिवस उभी असते. सुरुवातीला मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी खाली लिहिते. मी डॉक्टर नाही. इथले माझे डोस माझ्यापुरते आहेत, तुमचे तुमचे डॉक्टर ठरवतील.

## १. काय बंद पडलंय ते आधी नीट समजून घ्या

पिट्युटरी, म्हणजे पाठ्यपुस्तकातली पीयूषिका ग्रंथी, मेंदूच्या तळाशी एका हाडाच्या खोबणीत असते. वाटाण्याएवढी. ती स्वतः फार काही करत नाही, दुसऱ्यांना कामाला लावते: थायरॉइडला, किडनीवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, अंडाशयाला किंवा वृषणांना. शिवाय वाढीचं हार्मोन आणि दुधाचं प्रोलॅक्टिन ती स्वतः सोडते. तिच्या मागच्या भागातून लघवी आवरणारं व्हॅसोप्रेसिन येतं.

गरोदरपणात ही ग्रंथी मोठी होते, तिला रक्तही जास्त लागतं. बाळंतपणात भरपूर रक्त गेलं आणि बीपी कोसळलं की तिचाच रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरते. ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली हे वर्णन केलं. श्रीमंत देशांत आता हा आजार क्वचित दिसतो. आपल्याकडे अजून आहे: काश्मीरमधल्या एका पाहणीत, बाळंतपण झालेल्या विशीपुढच्या बायकांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के निघालं होतं आणि त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश जणींची बाळंतपणं घरीच झालेली होती.

कारणं इतरही आहेत. पिट्युटरीची गाठ आणि नाकातून केलेलं तिचं ऑपरेशन, डोक्याला दिलेलं रेडिएशन, डोक्याचा मोठा मार, टीबी. घोणस चावल्यानंतरही पिट्युटरी जाऊ शकते. शेतात घोणस चावून वाचलेल्या माणसाला वर्षभराने थकवा, थंडी, दाढी विरळ होणं असं काही सुरू झालं तर “विष अंगात मुरलं” म्हणून सोडून देऊ नका, हार्मोन तपासा. रेडिएशन झालेल्यांनी एक लक्षात ठेवा: हार्मोन एकदम जात नाहीत, काही वर्षांत एकेक करून जातात. पहिल्या वर्षी सगळं ठीक निघालं तरी दरवर्षी तपासणी हवी.

कारण काहीही असो, पुढचा रस्ता बराचसा एकच आहे. फरक पडतो तो कोणकोणती हार्मोन गेली आहेत त्यानुसार. डॉक्टरांकडून ती यादी एका कागदावर लिहून घ्या. “पिट्युटरी प्रॉब्लेम” एवढ्यावर घरी येऊ नका.

## २. एक फाइल करा

माझ्या फाइलमध्ये हे असतं:

- बाळंतपणाच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची नोंद असलेलं. माझं मिळालं नाही, दवाखान्याने जुनी कागदपत्रं ठेवलीच नव्हती. तुमचं असेल तर जपा. ऑपरेशन झालेल्यांनी ऑपरेशनची नोंद आणि गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट ठेवावा
- एमआरआयची सीडी आणि रिपोर्ट. माझ्या रिपोर्टवर “एम्प्टी सेला” आहे, म्हणजे खोबण आहे पण आत ग्रंथी जवळजवळ नाही
- उपचार सुरू होण्याआधीचे हार्मोनचे पहिले रिपोर्ट. गोळ्या सुरू झाल्यावर हे आकडे पुन्हा मिळत नाहीत, आणि नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतो
- आताचं प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं “स्टिरॉइडवर अवलंबून” असं पत्र
- हाडांच्या डेक्सा तपासणीचा रिपोर्ट
- विम्याचे कागद

विमा घेताना आजार लपवू नका. जुन्या आजारासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे. लपवलेलं उघड झालं तर क्लेमच जातो. महात्मा फुले योजनेत दाखल होऊन घ्यायचे ठरावीक उपचार येतात, रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. तो खर्च आपला आपण धरून चालायचं.

## ३. योग्य डॉक्टर, योग्य तपासणी

एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. तालुक्याला नसतो, जिल्ह्याच्या गावी असेलच असं नाही. मुंबईत केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात स्वतंत्र विभाग आहे. वर्षातून एकदोनदाच जावं लागतं, तेवढा प्रवास करा. मधल्या काळासाठी गावातल्या एका एमडी डॉक्टरांना फाइल दाखवून ठेवा, कारण रात्री दोनला तेच कामाला येणार आहेत.

कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमाराला तपासतात, कारण निरोगी माणसात ते तेव्हाच सर्वांत जास्त असतं. डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता जवळपास नक्की, १५ च्या वर असेल तर बहुधा ठीक, मधलं आलं तर एसीटीएचचं (ॲड्रिनलला कामाला लावणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घेतात. आयसीयूत, मरणाच्या दारात, माझं होतं १.२. अशा वेळी निरोगी शरीर ते कितीतरी वर नेतं.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. गोळी घेऊन कॉर्टिसोल तपासायला गेलात तर आकडा गोळीचा येतो. आदल्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती सोडायची हे डॉक्टरांना आधी विचारा, मनाने सोडू नका. आणि गर्भनिरोधक किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर कॉर्टिसोल खोटंच जास्त दिसतं, तेव्हा ते सांगायचं.

## ४. आधी स्टिरॉइड, मग थायरॉइड. हा क्रम मोडू नका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आयसीयूच्या तीन आठवडे आधी मला एका दवाखान्यात थायरॉइडची तपासणी करायला लावली होती. टी-४, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, कमी आलं आणि त्याची गोळी, थायरॉक्सिन, सुरू झाली. निदान अर्धं बरोबर होतं. पण थायरॉक्सिनने शरीराची चक्की वेगात फिरायला लागते आणि असलेलं थोडंसं कॉर्टिसोलही भराभर संपतं. मला गोळी सुरू झाल्यापासून उलट जास्त गळल्यासारखं वाटत होतं, “सवय होईल” असं सांगितलं गेलं. मग जुलाब लागले आणि पुढचं वर लिहिलंच आहे. पिट्युटरीचा संशय असेल तर कॉर्टिसोल तपासल्याशिवाय थायरॉक्सिन सुरू करायचं नाही. दोन्ही कमी असतील तर स्टिरॉइड आधी, काही दिवसांनी थायरॉइड.

दुसरी गोष्ट टीएसएचची. थायरॉइडला कामाला लावणारं हे हार्मोन पिट्युटरीच सोडते. पिट्युटरीच गेली असेल तर टीएसएच बघून काही कळत नाही. माझा त्या वेळचा टीएसएच २.१ होता, म्हणजे अगदी ‘नॉर्मल’! आपला डोस फ्री टी-४ वर ठरतो, तो नॉर्मलच्या वरच्या अर्ध्यात हवा. आजही कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेले की माझा टीएसएच ०.०५ बघून ते गोळी कमी करायला निघतात. मी फाइल उघडते. एकदा तर थेट म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिक्षिका ना? मग मला शिकवू नका.” मी गप्प बसले आणि गोळी कमी केली नाही.

## ५. रोजचं वेळापत्रक

पहाटे साडेपाच: थायरॉक्सिन आणि हायड्रोकॉर्टिसोन १० मिलिग्रॅम, नुसत्या पाण्याबरोबर, अंथरुणातून उठायच्या आधी. पाऊण तासाने चहा.
दुपारी साडेबारा: ५ मिलिग्रॅम, शाळेतल्या खिचडीच्या सुट्टीत.
संध्याकाळी पाच: अडीच, म्हणजे पाचची अर्धी.

हायड्रोकॉर्टिसोन रक्तात फार टिकत नाही, दर दीड तासाने साधारण निम्मं होतं. म्हणून तुकडे करून घ्यायचं आणि सकाळचा तुकडा मोठा. संध्याकाळनंतर घेतलं तर झोप उडते. एकूण डोस बहुतेक मोठ्यांसाठी १५ ते २० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. काही डॉक्टर त्याऐवजी प्रेडनिसोलोन सकाळी एकदाच देतात, तेही चालतं आणि विसरायला कमी होतं.

गोळी विसरलात? आठवली की घ्या. मी सातही दिवसांचे खण असलेली प्लास्टिकची डबी वापरते, पण फक्त हायड्रोकॉर्टिसोनसाठी. थायरॉक्सिन तिच्या बाटलीतच ठेवते, त्या गोळ्यांना ओल आणि ऊन सोसत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून चार तास लांब. आमच्याकडे चहाबरोबरच सगळ्या गोळ्या गिळायची पद्धत आहे, ती मोडावी लागली.

“स्टिरॉइड? आयुष्यभर? बाई गं!” हे तुम्हाला प्रत्येक लग्नात ऐकावं लागेल. मी टँकरचं उदाहरण देते. २०१६ च्या त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्यामुळे आमच्याकडे ते लगेच कळतं. विहीर आटली म्हणून घरापुरता टँकर मागवला तर त्याने पूर येत नाही. दम्याला, संधिवाताला देतात तो मोठा डोस वेगळा. आपला डोस शरीर एरवी जेवढं बनवतं तेवढाच. तो जास्त झाला तर मात्र कळतं: चेहरा गोल होतो, पोट सुटतं, जरा धक्क्याने काळंनिळं होतं, हाडं ठिसूळ होतात. असं दिसलं तर डॉक्टरांना सांगून कमी करा. स्वतःहून बंद कधीच नाही, एक दिवससुद्धा नाही.

## ६. आजारपणाचे नियम

घरात लग्न असलं की दुसरा टँकर लागतो. निरोगी शरीर तापात, अपघातात, ऑपरेशनमध्ये कॉर्टिसोल आपोआप वाढवतं. आपलं वाढवत नाही, म्हणून आपण वाढवायचं. डॉक्टरांकडून हे नियम स्वतःसाठी लिहून घ्या. माझे असे आहेत:

साधी सर्दी, डोकेदुखी, पाळीची कंबरदुखी, ताप नाही: काही बदल नाही.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर: दिवसाचा डोस दुप्पट. १०२.२ च्या वर: तिप्पट. ताप उतरेपर्यंत, सहसा दोन-तीन दिवस. मग थेट नेहमीच्या डोसवर, हळूहळू उतरायची गरज नाही. क्रोसिनने ताप उतरलाय म्हणून वाढवलेला डोस लगेच मागे घेऊ नका, आजार आत आहेच.

उलटी: गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्या. तीही पडली तर गोळ्यांचा खेळ संपला. इंजेक्शन घ्यायचं आणि दवाखाना गाठायचा. “थोडं लिंबू-पाणी घेऊन बघू” यात आमचे चार तास गेले होते.

पाण्यासारखे जुलाब: तेच. गोळी शरीरात शोषलीच जात नाही.

हाड मोडणं, मोठा अपघात, बेशुद्धी: आधी इंजेक्शन, मग बाकी सगळं.

दात काढणं, रूट कॅनाल: आधी जास्तीचा डोस. डेंटिस्टला खुर्चीत बसण्यापूर्वी सांगा, तोंडात यंत्र गेल्यावर बोलता येत नाही.

ऑपरेशन, बाळंतपण: भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी भेटा. भूल देताना १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून आणि पुढे सलाइनमधून, हे केसपेपरवर लिहिलेलं तुम्ही स्वतः वाचा. कोलोनोस्कोपीच्या जुलाबाच्या औषधालाही हाच विचार लागतो.

परीक्षेचा ताण, सासू-सुनेची भांडणं, निवडणूक ड्युटी यांना दुप्पट डोस लागत नाही. निवडणूक ड्युटीच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे, पण डॉक्टर ऐकत नाहीत.

धोका ओळखायचा कसा? उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, पोटात दुखणं, हातपाय गार, बोलण्यात घोळ, न आवरणारी ग्लानी. मला सर्वांत आधी कळतं ते असं: आवडीच्या माणसाशी बोलायचाही कंटाळा येतो. असं झालं की मी घरच्यांना लगेच सांगते, कारण अर्ध्या तासाने मी स्वतः काही ठरवू शकत नाही.

एक गोष्ट डॉक्टरही कधीकधी विसरतात. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं, जसं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, कॉर्टिसोल लवकर मोडतात. ती सुरू झाली की रोजचा डोस वाढवावा लागतो.

## ७. कंपासबॉक्स

मुलीचा पाचवीतला जुना कंपासबॉक्स आहे, वर ताजमहालचं चित्र. त्यात हे असतं: हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमची पावडरची शिशी, स्टराइल वॉटरची ॲम्प्यूल, २ मिलिलिटरच्या दोन सिरिंज सुयांसह, कापूस, स्पिरिटच्या पुड्या, आणि चौघडी घातलेला कागद. शिशी साध्या मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळते. तालुक्याला नाही मिळाली तर जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयासमोरच्या दुकानांत बघा.

डॉक्टर किंवा नर्सकडून एकदा हाताने शिकून घ्या, घरातल्या दोघांना शिकवा. आमच्याकडे असं करतात: शिशीचं झाकण काढून रबर स्पिरिटने पुसायचं. सिरिंजमध्ये २ मिलिलिटर पाणी ओढून रबरातून आत सोडायचं. शिशी जोरात हलवायची नाही, तळहातांत ताकाची रवी फिरवावी तशी हळू फिरवायची, पावडर विरघळते. सगळं ओढून घ्यायचं, सिरिंजमधली हवा काढायची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, खुबा आणि गुडघ्याच्या बरोबर मध्ये, सुई सरळ आत. गरज पडली तर साडीवरून, सलवारीवरून. कपडे काढत बसू नका.

सराव मोसंबीवर केला, एक्स्पायरी झालेल्या शिशीने. मिस्टरांचा हात पहिल्यांदा इतका थरथरला की मोसंबी खाली पडून पलंगाखाली गेली. मुलीने एका दमात केलं. आता घरात तीच आमची कंपाउंडर.

इंजेक्शन चुकून विनाकारण घेतलं गेलं तर एका डोसाने काही बिघडत नाही. वेळेवर न घेतलं तर जीव जातो. शंका आली की घ्या. घेतल्यावर १०८ लावा किंवा गाडी काढा, कारण इंजेक्शनचा असर काही तासांचा आहे आणि सलाइनही लागतं.

## ८. पाकिटातला कागद

माझ्या ओळखपत्राच्या मागे लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. पुढे मराठीत, मागे हेच इंग्रजीत:

*“मला पिट्युटरीचा आजार आहे. माझं शरीर कॉर्टिसोल बनवत नाही. मी बेशुद्ध असेन, उलट्या होत असतील किंवा अपघात झाला असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब शिरेतून किंवा स्नायूत द्या, सलाइन लावा, साखर तपासा. रिपोर्टसाठी थांबू नका.”*

खाली डॉक्टरांचा आणि मिस्टरांचा नंबर. शाळेत हेडसरांना आणि शेजारच्या वर्गाच्या मॅडमना कार्ड दाखवून ठेवलंय. फोनच्या लॉक स्क्रीनवरही टाका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना २०२० पासून एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, स्टिरॉइड इमर्जन्सी कार्ड मिळतं, फॅमिली डॉक्टरांकडे किंवा फार्मसीत मागून घ्या.

कार्ड असूनही वाद घालावा लागतो. एका कॅज्युअल्टीत “आधी सोडियमचा रिपोर्ट येऊ द्या” असं आम्हाला ऐकवलं गेलं. मिस्टरांनी कंपासबॉक्स काढला आणि म्हणाले, “तुम्ही देता का मी देऊ?” मग दिलं.

## ९. बाकीची हार्मोन

बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन: साधारण पाळी जायच्या वयापर्यंत. हाडांसाठी, हृदयासाठी आणि खरं सांगायचं तर नवरा-बायकोच्या नात्यासाठीही. लाजू नका, विचारा. इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली की थायरॉक्सिन जास्त लागू शकतं. पुन्हा मूल हवं असेल तर इंजेक्शनांनी प्रयत्न करता येतो, दरवाजा बंद झालेला नसतो.

पुरुषांना टेस्टोस्टेरॉन: जेल किंवा इंजेक्शन. दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन १० ते १४ आठवड्यांतून एकदा. रक्त घट्ट होत नाही ना, हे तपासत राहावं लागतं. मूल हवं असेल तर आधी बोला, टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू कमी होतात.

वाढीचं हार्मोन: लहान मुलांत उंचीसाठी वेळ गाठणं महत्त्वाचं, हाडांची टोकं जुळली की उपयोग नाही. रोज रात्री इंजेक्शन. ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. आमच्या भागात लोडशेडिंग असतं, तर थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीला फडकं गुंडाळून सोय करून ठेवा. मोठ्यांत महाग पडतं, मी घेत नाही.

डेस्मोप्रेसिन: ज्यांचं व्हॅसोप्रेसिन गेलंय त्यांच्यासाठी. शीहानमध्ये हे क्वचित, ऑपरेशन झालेल्यांत जास्त. दिवसाला कळशीभर पाणी आणि तेवढीच लघवी. स्टिरॉइड सुरू झाल्यावर अचानक लघवी वाढली तर डॉक्टरांना सांगा, कारण कॉर्टिसोल नसताना हा आजार झाकलेला राहतो. गोळी जास्त झाली आणि पाणीही पीत राहिलात तर सोडियम घसरतं. म्हणून बरेच डॉक्टर आठवड्यातून एखादा डोस थोडा लांबवून, एकदा मोकळी लघवी होऊ देऊन मग घ्यायला सांगतात. याचं जुनं नाव डायबेटिस इन्सिपिडस. वॉर्डात ‘डायबेटिस’ एवढंच वाचून साखर तपासतात, नॉर्मल आली की औषध देत नाहीत. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी नाव बदलून व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी केलं, ते याच गोंधळामुळे. दाखल व्हाल तेव्हा नवं नावच सांगा.

## १०. मेडिकल दुकानातले सापळे

हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सगळीकडे मिळत नाहीत, आणि मधूनमधून महिना-महिना गायब होतात. किमान दोन महिन्यांचा साठा घरात ठेवा.

संपल्या तर दुकानदार म्हणेल, “ताई, हे पण स्टिरॉइडच आहे.” खरं आहे, पण ताकद वेगळी. २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि डेक्सामेथासोन तर पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास. १० च्या जागी १० असं केलंत तर घोटाळा. अडचणीत प्रेडनिसोलोन किती घ्यायचं ते आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणि ‘साइड इफेक्ट नसलेल्या’ पुड्या देणाऱ्यांपासून लांब राहा. त्यांतल्या काहींत स्टिरॉइडच मिसळलेलं असतं, किती ते कुणालाच माहीत नसतं. काढ्यांमध्ये ज्येष्ठमध जपून: ते कॉर्टिसोलचा परिणाम वाढवतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. खोकल्याला एखादी कांडी चघळली तर काही नाही, रोजचा काढा नको.

## ११. उपवास, वारी, विमान

चतुर्थी-एकादशीला साबुदाणा खाऊन गोळ्या घेतल्या तर अडचण नाही. निर्जळी हरितालिका मी सोडली. पहिल्या वर्षी सासूबाई नाराज होत्या, मग त्यांनीच सांगितलं, तुझ्या वाटचं मी करते. व्हॅसोप्रेसिन गेलेल्यांनी तर निर्जळीचा विचारही करू नये.

उन्हात लांब चालायचं असेल, वारी असो की शेतातली खुरपणी, तर पाणी आणि मीठ-साखर सोबत, आणि जास्तीची अर्धी गोळी घ्यायची का हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

विमानात सगळी औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या पत्रासह. सुयांसाठी ते पत्र लागतं. वेळ बदलली तरी सकाळची मोठी गोळी तिथल्या सकाळी. मधला वेळ फार लांबत असेल तर एखादा छोटा डोस वाढवून. शिशी बॅगेत टाकून विसरू नका, परतल्यावर ती पुन्हा कंपासबॉक्समध्ये.

वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, मी तो डबा उघडून एक्स्पायरी बघते. गेल्या वेळी शिशी ठीक होती, पण ॲम्प्यूलला चीर गेलेली होती आणि स्पिरिटच्या पुड्या वाळून कागद झाल्या होत्या. लेकीने नव्या आणून ठेवल्या आणि आधीची एक्स्पायरी झालेली शिशी सरावासाठी मोसंब्यांच्या टोपलीत टाकली.